सातवा महिना लागला: घास भरवायचा की हातात द्यायचा?

*प्रश्न: माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. जन्माच्या वेळी वजन २ किलो ६०० ग्रॅम होतं, आता ६ किलो ४०० आहे. वाढ नीट आहे असं डॉक्टर म्हणतात. आतापर्यंत फक्त अंगावरचं दूध. मला तिला पहिल्यापासून बीएलडब्ल्यू (बेबी-लेड वीनिंग) पद्धतीने, म्हणजे तिच्याच हाताने खाऊ द्यायचं आहे. चमचा नको, मिक्सर नको. सासूबाई म्हणतात, मुलीचं उष्टावण पाचव्यात नाहीतर सातव्यात करतात, पाचवा तर गेला, आता सातवा लागला की खिमट सुरू करू. नवऱ्याला घास घशात अडकण्याची भीती वाटते. दोन महिन्यांनी मी कामावर रुजू होणार, तेव्हा बाळ दिवसभर सासूबाईंकडेच असेल. व्हिडिओंत दिसतं ते ॲव्होकाडो, सॅल्मन आमच्या घरात नसतं. सुरुवात कशाने करू? काय अजिबात देऊ नको? आणि ती काहीच गिळत नसेल तर काय करू? – एक आई, नाशिक*

नमस्कार,

सासूबाईंनी काढलेला मुहूर्त वैद्यकीयदृष्ट्याही अगदी बरोबर आहे. सातवा लागतो म्हणजे सहा महिने पूर्ण होतात, आणि वरचं अन्न तेव्हाच सुरू करावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा अजून पंधरा दिवस फक्त दूध द्या आणि मग थाटात उष्टावण करा. फक्त खिरीत साखर-गूळ घालू नका आणि मध तर अंगठीला लावून चाटवायलाही नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती निष्प्रभ ठरतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. मामाच्या हातचा पहिला घास मऊ वरण-भात आणि साजूक तुपाचा असला तरी विधीत काही उणं राहत नाही.

तारखेबरोबर बाळाची तयारीही बघा. मांडीवर किंवा खुर्चीत अगदी थोड्या आधाराने ती ताठ बसते का, मान डळमळत नाही ना, समोरची वस्तू पकडून नेमकी तोंडात नेते का, आणि ओठाला काही लागलं की जिभेने लगेच बाहेर ढकलणं कमी झालंय का? यातली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कंबरेतून वाकडी होणारी, उशांच्या मधे कोंबून बसवलेली मुलगी हाताने खायला तयार नसते, मग सहा महिने पूर्ण झालेले का असेनात. अशा वेळी आठ-दहा दिवस चमच्याने दाटसर अन्न द्या आणि हातातलं थोडं पुढे ढकला.

आता मुख्य वाद. आमचं मत स्पष्ट आहे: हाताने खाऊ द्या, पण चमच्याला घराबाहेर काढू नका. ब्रिटनमध्ये गिल रॅपली यांनी बीएलडब्ल्यू लोकप्रिय केलं, त्याचा गाभा चमचा टाळण्यात नाही. काय उचलायचं, किती खायचं, कधी थांबायचं हे बाळाने ठरवायचं, हा तो गाभा. बाळ तोंड पुढे करतं तेव्हाच चमचा जवळ नेला आणि मान फिरवली की थांबलात, तर सासूबाईंचं खिमटही त्याच पद्धतीत बसतं. उलट हातात भोपळ्याची फोड देऊन 'खा ना, खा ना' म्हणत तिचाच हात धरून तोंडात कोंबला, तर ते बीएलडब्ल्यू नव्हेच. खिमटाने भरलेला चमचा तिच्या हातात देऊन बघा, बहुतेक बाळं तो बरोबर तोंडात नेतात. दोन चमचे ठेवले की एक तिच्या हातात असताना दुसरा भरता येतो.

चमचा ठेवा असं सांगण्यामागे लोहाचं कारण आहे. जन्मताना बाळाच्या शरीरात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आपल्या देशातली सहा महिने ते पाच वर्षांची १०० पैकी ६७ मुलं रक्तक्षयाची निघाली. हाताने खाणाऱ्या बाळाला पहिले काही आठवडे बहुतेक घरांत गाजर, केळं, सफरचंद, काकडी मिळतं. ते पकडायला सोपं, फोटोत छान, पण त्यात लोह जवळजवळ नाही आणि उष्मांकही जेमतेम. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०६ बाळांचा अभ्यास केला. तिथे हाताने खाणाऱ्या बाळांच्या पालकांना आधीच बजावलं होतं की प्रत्येक जेवणात एक लोहयुक्त पदार्थ हवा, एक भरपूर उष्मांकाचा हवा आणि घशात अडकतील असे आकार नकोत. त्या बाळांची लोहाची स्थिती चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली नाही. घशात अडकण्याचे प्रसंगही दोन्ही गटांत सारखेच होते, आणि हे तुमच्या यजमानांना जरूर सांगा: सहा ते आठ महिन्यांच्या काळात दोन्ही गटांतल्या सुमारे ३५ टक्के बाळांच्या बाबतीत एकदा तरी असं घडलं. म्हणजे चमच्याने भरवलं म्हणून धोका टळत नाही. काय देतो, कोणत्या आकारात देतो आणि समोर कोण बसलंय, यावर तो ठरतो.

त्यामुळे रोजच्या ताटलीत तीन गोष्टी असू द्या. एक लोहासाठी: मूग, मसूर, मटकी, अंडं, चालत असेल तर चिकन, मटण, मासे. एक ताकदीसाठी: तूप, दाण्याचं बारीक कूट, रताळं, मऊ भात. आणि एक भाजी किंवा फळ. डाळी-कडधान्यांतलं लोह शरीराला मटणातल्या लोहाइतकं सहज घेता येत नाही, म्हणून त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व हवं. लिंबाचे चार थेंब, शिजवलेला टोमॅटो किंवा बिया काढलेल्या मऊ पेरूचा गर पुरतो. कडधान्य भिजवून मोड आणलं तरी लोह जास्त मिळतं, तेव्हा मोडाची मटकी हा आपल्याकडचा खरा खजिना आहे. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र कोणी देत असेल तर प्रेमाने पण ठामपणे थांबवा. चहामुळे लोहाचं शोषण घटतं आणि बिस्किटात साखर-मैद्यापलीकडे काही नसतं.

आता आकार. सहा-सात महिन्यांचं बाळ वस्तू मुठीत पकडतं, मूठ उघडून आतलं काढणं त्याला जमत नाही. म्हणून तुकडा मुठीच्या वर निम्मा तरी दिसला पाहिजे: मोठ्या माणसाच्या बोटाएवढा, साधारण ५ ते ६ सेंटिमीटर लांब आणि दीड-दोन सेंटिमीटर जाड. नवशिके पालक भीतीपोटी बारीक बारीक तुकडे करतात. तेच चुकीचं ठरतं, कारण बारीक तुकडा उचलता येत नाही, आणि उचललाच तर न चावता थेट मागे जातो. चिमटीत पकडायला बाळ आठव्या-नवव्या महिन्यात शिकतं. मटारएवढे मऊ तुकडे तेव्हा सुरू करा.

मऊपणाची परीक्षा एकच: अंगठा आणि तर्जनीत धरून हलकं दाबलं की तुकडा पूर्ण चिरडला गेला पाहिजे. तिच्या हिरड्यांत साधारण तेवढाच जोर असतो.

लाल भोपळ्यापासून सुरुवात करा, तो या कामाला सर्वांत सोपा. साल स्वच्छ धुऊन तशीच ठेवा, बिया आणि आतली जाळी काढा, बोटाएवढ्या फोडी करा. मोदकपात्रात किंवा चाळणीवर झाकण ठेवून १० ते १२ मिनिटं वाफवा. कुकरमध्ये शिट्टी काढली तर भोपळा पाणी धरतो आणि तिच्या मुठीत त्याचा लगदा होतो. वाफवल्यावर पाच मिनिटं उघडा ठेवला की वरचं पाणी सुकतं आणि पकड बसते. सालीमुळे फोड तुटत नाही, बाळ गर ओरबाडून खातं आणि साल उरते. उरलेली साल लगेच काढून घ्या. रताळ्याला १२ ते १५ मिनिटं लागतात, गाजराला १५ ते २०. गाजराची परीक्षा मधोमध घ्या, कडा मऊ झाल्या तरी गाभा टणक राहतो. फ्लॉवरचा तुरा देठासकट द्या, देठ आयती मूठ होते. फरसबीचे दोर नीट काढा. शेवग्याची शेंग हातात देऊ नका, तिचे दोर घशात अडकतात, गर खरवडून भातात कालवा.

लोहासाठी हातात धरता येण्याजोगा सगळ्यात सोयीचा पदार्थ म्हणजे मुगाचं धिरडं. अर्धी वाटी सालीची मूगडाळ चार-पाच तास भिजवा, पाच-सहा वाफवलेली पालकाची पानं, चिमूटभर हळद आणि जिरेपूड घालून गुळगुळीत वाटा. मीठ-मिरची नाही. तव्यावर चमचाभर तूप सोडून जाडसर धिरडं घाला, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शिजवा. आपल्याला आवडतं तसं कुरकुरीत करू नका. कडा वाळल्या असतील तर कापून टाका, कारण वाळकी कड विरघळत नाही. मग दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करा, वर लिंबू पिळा. हे जमलं की मटकीच्या लांबट वळकट्या करा. मोड आलेली अर्धी वाटी मटकी कुकरला चार-पाच शिट्ट्या करून घ्या, सालं जाणवणार नाहीत इतकी बारीक वाटा, एका मध्यम उकडलेल्या रताळ्यात मळा, बोटाएवढ्या वळा आणि तुपावर दोन-दोन मिनिटं परता. फुटत असतील तर चमचाभर भाजलेलं नाचणीचं पीठ मिसळा.

अंडं पूर्ण शिजलेलं हवं, ऑम्लेटच्या मऊ पट्ट्या उत्तम. चिकन, मटण चालत असेल तर खूप मऊ शिजवलेला खिमा मऊ भातात मळून लांबट मुटके करा. नुसत्या चिकनचे धागे सुटतात आणि टाळूला चिकटतात. कलेजीत लोह भरपूर असतं, पण 'अ' जीवनसत्त्वही खूप असतं, म्हणून आठवड्यातून एकदा, चमचाभर पुरे. पापलेट वाफवून त्याचा प्रत्येक कण बोटांनी चेपून काटा नाही याची खात्री करा. नजरेवर विसंबू नका.

वरण-भाताचा मुटका तर आहेच. भात नेहमीपेक्षा पाणी जास्त घालून शिजवा, घट्ट वरण, चमचाभर तूप, हाताने मळा आणि मुठीत मावेल असा लांबट मुटका करा. तो फुटणार, केसांत जाणार, निम्मा खाली पडणार. जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि पुढचे तीन महिने हे असंच चालणार हे घरात आधीच सांगून टाका.

पोळी-भाकरीची घाई करू नका. कोरडी पोळी थुंकीत भिजून तिचा चिकट गोळा होतो आणि तो टाळूला किंवा घशात बसतो. आठ-नऊ महिन्यांनंतर वरणात मऊ भिजवून द्या. इडलीचंही तसंच, बोटाएवढे काप वरणात बुडवून द्या, कोरडी इडली चिकटते. इडलीच्या पिठात मीठ घालण्याआधी तिच्यापुरतं बाजूला काढा. हाच नियम आमटी-भाजीला लावला की तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक उरत नाही: शिजवताना मीठ आणि तिखट शेवटी घाला, त्याआधी तिचा वाटा काढा. जिरे, हिंग, हळद, धणेपूड, कोथिंबीर तिला चालते. वर्षभर वेगळं मीठ नाही, कारण तिची मूत्रपिंडं अजून जास्तीचं मीठ बाहेर टाकायला तयार नाहीत. दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ नाही. पॅकबंद बेबी सीरिअल आणत असाल तर पाकिटावरची साखर वाचूनच घ्या.

फळांत केळं निसरडं असतं. त्याची निम्मी साल मूठ म्हणून ठेवा, किंवा सोललेल्या केळ्याच्या मधोमध बोट दाबा, ते लांबीत तीन भागांत सुटतं. या फोडींवर भाजलेल्या नाचणीच्या पिठाचा अगदी पातळ हात फिरवला की पकड बसते. पिकलेला आंबा असेल तेव्हा गर काढून घेतलेला मोठा बाठा चोखायला द्या. तो तोंडात मावत नाही, म्हणूनच चालतो. चिकूची बी मात्र प्रत्येक फोडीत बोट घालून शोधा. ती गुळगुळीत, टोकदार आणि नेमकी श्वासनलिकेच्या मापाची असते.

आणि आता जे अजिबात नको ते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, खोबऱ्याचा तुकडा, चिकी, पॉपकॉर्न पाच वर्षांपर्यंत नको. अख्खं द्राक्ष नको, नाशिकच्या घरात तर हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. द्राक्ष उभं चार भागांत कापायचं, आडवं दोन भागांत कापलं तरी गोलच राहतं, आणि ते दहाव्या महिन्यानंतर. कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, काकडीचे गोल काप, बोरं, जांभळं, सीताफळाच्या बिया, सालीसकट संत्र्याची फोड, अख्खे मटार, राजमा, छोले हेही नको. मटार बोटाने चेपून चपटे केले की चालतात. कढीपत्ता, लवंग, वेलचीचं साल तिच्या वाटीतून वेचून काढा. पाहुणे आले की धोका वाढतो, कारण प्रेमाने कोणीतरी चिवड्यातला दाणा तिच्या हातावर ठेवतं.

बसवायचं कसं? खुर्ची असली तर छानच, नसली तर तुमच्या मांडीवर, तिची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, मान किंचित पुढे. पाय हवेत लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा जाड पुस्तक ठेवा. पाय टेकले की धड स्थिर राहतं आणि गिळणं सोपं जातं. झोपून, मागे रेलून, वॉकरमध्ये, गाडीत, कडेवर फिरवत खाऊ घालू नका. समोर मोबाइल नको, आणि तिच्या तोंडात तुमचं बोट नको.

तुमच्या यजमानांसाठी: ओकारी आणि गुदमरणं यातला फरक ओळखायला आधी शिका. सहाव्या महिन्यात ओकारीची संवेदना जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागात असते, नवव्या महिन्याच्या आसपास ती मागे सरकते. त्यामुळे जरा मोठा तुकडा मागे गेला की बाळ 'ओऽक' करतं, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो, खोकतं, तुकडा पुढे येतो आणि पुन्हा खायला लागतं. यात आवाज असतो, म्हणजे हवा आत-बाहेर जाते आहे. या वेळी काही करायचं नाही. बोट घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, उलटं धरायचं नाही, आणि ओरडायचं तर मुळीच नाही, कारण दचकून बाळ आत श्वास ओढतं. शांत चेहऱ्याने समोर बसा.

गुदमरणं शांत असतं. रडण्याचा आवाज नाही, खोकला नाही किंवा अगदी क्षीण, तोंड उघडं, ओठ काळे-निळे. मग एकही क्षण घालवू नका. कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, गळ्यावर दाब नाही. दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने जोरात ५ थापा मारा. तुकडा निघाला नाही तर उताणं वळवा आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ५ वेळा दाब द्या, एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने. पुन्हा ५ थापा, पुन्हा ५ दाब, तुकडा निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होते. तोंडात तुकडा दिसत असेल तरच काढा, अंदाजाने बोट फिरवलं तर तो आणखी आत जातो. बाळ निपचित पडलं तर छातीचे ३० दाब आणि २ श्वास असा सीपीआर सुरू करा. हे वाचून येत नाही. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात प्रथमोपचाराचं शिक्षण मिळतं का ते विचारा, आणि तुम्ही, यजमान आणि सासूबाई तिघंही बाहुलीवर एकदा हात बसवून या. उष्टावणाच्या आधीच.

शेंगदाणा आणि अंडं उशिरा दिलं की ॲलर्जी टळते असं पूर्वी समजत. ते उलट निघालं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा दिल्याने त्याची ॲलर्जी ८१ टक्क्यांनी घटली. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत जेवण रुळलं की सकाळच्या वेळी, दवाखाना उघडा असेल अशा दिवशी, भाजून सोललेल्या दाण्यांचं मैद्यासारखं बारीक कूट पाव चमचा, खिमटात पातळ कालवून, त्यातलं थोडंसं चमच्याच्या टोकाने चाटवा. दहा मिनिटांत काही झालं नाही तर उरलेलं द्या आणि दोन तास लक्ष ठेवा. पचलं की आठवड्यातून दोनदा देत राहा, एकदा देऊन थांबलं तर उपयोग नाही. अंड्याचंही असंच, मधे दोन-तीन दिवस जाऊ द्या. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी दिसली तर लगेच डॉक्टर. श्वासाला घरघर लागली तर थेट रुग्णालय. तिला आधीपासून तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाजणं) असेल तर मात्र पहिला दाणा डॉक्टरांना विचारूनच.

वेळापत्रक साधं ठेवा. पहिले आठ-दहा दिवस एकच जेवण, सकाळी दहा-अकराला, दूध पाजल्यावर तासाभराने. उपाशी बाळ नव्या खेळाला वैतागतं, झोपाळलेलं तर जास्तच. दोन-तीन चमचे पोटात गेले तरी भरपूर. आठव्या महिन्यापर्यंत दिवसात दोन-तीन जेवणं, नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार. मुख्य अन्न वर्षभर दूधच: सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून तिला दिवसाला साधारण २०० उष्मांकच हवे असतात. गाईचं दूध वर्षभर पिण्यासाठी देऊ नका. दह्याचा चमचा, पनीरचा मऊ तुकडा चालतो. जेवताना उघड्या छोट्या पेल्यातून दोन-तीन घोट उकळून गार केलेलं पाणी द्या.

सासूबाईंचं खिमट तर आम्हाला हवंच आहे, फक्त ते दाट असू द्या. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं. पातळ पेज आणि डाळीचं वरचं पाणी देणं ही आपल्या घरांतली सगळ्यात जुनी चूक आहे. तिच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावतं, ते पाण्याने भरलं तर अन्नाला जागा कुठे राहणार? मिक्सरही पहिल्या दोन आठवड्यांनंतर बंद करा आणि हाताने कुस्करा. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत गुठळ्या तोंडात आल्याच नाहीत तर पुढे मुलं घास तोंडातच धरून बसतात. तुम्ही कामावर जाल तेव्हा सकाळचं हातात घेऊन खाण्याचं जेवण तुम्ही निघण्यापूर्वी उरका आणि दुपारचं चमच्याचं सासूबाईंकडे सोपवा. त्यांना ज्यात भीती वाटते ते त्यांच्या गळ्यात मारू नका. त्यांचा हात बसला की त्या स्वतःहून भोपळ्याची फोड देतील. काढून ठेवलेलं दूध नाशिकच्या उन्हाळ्यात लगेच फ्रिजमध्ये. तिथे चार दिवस टिकतं.

'काहीच गिळत नाही' हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अगदी अपेक्षित आहे. ती चाटेल, पिळेल, थुंकेल. थुंकणं म्हणजे नावड नव्हे, जीभ अजून शिकते आहे. एकच भाजी आठ-दहा वेळा समोर यावी लागते. लंगोटात गाजराचे, पालकाचे तुकडे जसेच्या तसे दिसतील. केळ्यानंतर बारीक काळे दोरे दिसतात, ते जंत नव्हेत, केळ्याचेच धागे आहेत. बीट खाल्ल्यावर शी लालसर होते. शी कडक गोळ्यांसारखी झाली तर केळं आणि कच्चट भात कमी करा, पपई, तूप, पाणी वाढवा. दात येताना, सर्दी-तापात खाणं एकदम कमी होतं, तेव्हा दूध वाढवा, जबरदस्ती नको.

सातवा महिना संपत आला तरी दिवसाला चार-पाच चमच्यांवर पोटात जात नसेल, तर हातातला तुकडा राहू द्या आणि दर जेवणाला दाट खिमट, तूप, मसूर चमच्याने सुरू करा. ॲनिमिया मुक्त भारत योजनेत सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं सिरप आशाताईंमार्फत दिलं जातं. ते किंवा दुसरे थेंब, कोणतं आणि किती, ते सहा महिन्यांच्या तपासणीतच डॉक्टरांना विचारून घ्या. 'ड' जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिट चालू असतील तर थांबवू नका.

वजन दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात, त्याच काट्यावर, कपडे काढून करा आणि लसीकरणाच्या कार्डावरच्या आलेखात टिंब मारा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस असते, तोपर्यंत तीन-चार टिंबं जमलेली असतील. रेघ तिच्या मागच्या मार्गाला समांतर चढत असेल तर ती किती चमचे खाते ते मोजणं सोडून द्या. दोन महिने रेघ आडवी राहिली, किंवा ती दर वेळी गिळताना खोकते, नाकातून अन्न येतं, आवाज ओला घरघरीत होतो, किंवा तळहात-डोळ्यांच्या आतल्या कडा पांढुरक्या दिसतात, तर लसीच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.